वाणीचे स्वातंत्र्य आणि श्रवणाचा धर्म

कार्तिक मासात काशीच्या पंचगंगा घाटावर सायंकाळ होताच उंच बांबूंच्या शेंड्यांपर्यंत लहान लहान टोपल्या दोरीने चढविल्या जातात. प्रत्येक टोपलीत एक दिवा तेवत असतो. ह्यांना आकाशदीप म्हणतात. पितरांची वाट उजळावी, हा त्यामागील भाव. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा ह्या पाच प्रवाहांचा संगम येथे मानलेला आहे, आणि कार्तिकस्नानासाठी काशीतील सर्व तीर्थांत ह्या तीर्थाचे माहात्म्य विशेष सांगितले आहे. म्हणून कार्तिकी पौर्णिमेस पहाटेपासून ह्या पायऱ्यांवर यात्रेकरूंची दाटी होते. अहिल्याबाई होळकरांच्या पुण्यस्मृतीशी जोडलेला हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभ त्या रात्री उजळतो, आणि घाटावर आलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांना क्षणभर आपल्या गावच्या देवळापुढील दीपमाळेची आठवण होते.

अशाच एका कार्तिकी पौर्णिमेस, शके 1495 म्हणजे इसवी सन 1573 मध्ये, येथून थोड्याच अंतरावर मणिकर्णिकेच्या बाजूस एका मराठी ग्रंथाची समाप्ती झाली. तो ग्रंथ म्हणजे श्रीएकनाथमहाराजांची श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका. एकतीस अध्याय आणि अठरा हजारांहून अधिक ओव्या. ग्रंथाच्या शेवटी नाथांनी स्थळ आणि काळ नोंदविताना वाराणसीत चालणारी विक्रमाची गणना आणि आपल्या गोदातीरी चालणारी शकाची गणना अशा दोन्ही दिल्या आहेत. परक्या क्षेत्रात बसून स्वभाषेत लिहिणाऱ्या पुरुषाला आपण दोन्ही ठिकाणचे आहोत याचे भान होते, हे त्या नोंदीवरून कळते.

परंतु हा ग्रंथ काशीत पूर्ण व्हावा लागला, तो का? पैठणची गोदावरी सोडून नाथांना गंगातीरी का यावे लागले? परंपरा सांगते की टीकेचे पहिले पाच अध्याय पैठणास झाले होते. त्यांची एक प्रत काशीस पोहोचली आणि घाटावर कोणी ती वाचीत असता एका मोठ्या मठाच्या शिष्याच्या कानी पडली. भागवत मराठीत! मठाधिपती संन्याशांना ही वार्ता असह्य झाली. त्यांनी एकनाथांना बोलावणे धाडले. हे बोलावणे सत्काराचे नव्हते, जाब विचारण्याचे होते.

येथे घाई करून त्या संन्याशांना दुष्ट ठरवू नये. त्यांची बाजू दुबळी नव्हती. शास्त्र हे गुरुमुखातून, अधिकार पाहून, अक्षरशः जपून पुढे द्यावयाचे असते. एका शब्दाचा अर्थ ढळला तर शेकडो लोक चुकीच्या मार्गाने जातील, ही भीती पोकळ म्हणता येत नाही. शिवाय त्यांच्या हाती स्वतः गीतेचाच आधार होता. तिसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात की कर्मात आसक्त असलेल्या अज्ञ जनांचा बुद्धिभेद विद्वानाने करू नये. आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटी तर हे गुह्य तपोहीनाला, अभक्ताला, ऐकण्याची इच्छा नसलेल्याला सांगू नये, असा स्पष्ट निर्बंध आहे. मग बाजारहाट करणाऱ्या, दळणकांडण करणाऱ्या माणसांच्या बोलीत परमार्थाचे गुह्य आणून ओतणे, हा बुद्धिभेद नव्हे काय?

ह्या प्रश्नाला एकनाथांनी दिलेले उत्तर त्यांच्या ग्रंथात आहे, आणि त्यात थोडा कोपरखळीचाही भाग आहे. एक भाषा देवाने केली म्हणता, तर दुसरी काय चोरांनी केली, असा त्यांचा प्रश्न आहे. पण त्या विनोदाच्या तळाशी एक गंभीर विचार आहे. देवाला भाषेचा अभिमान नाही. ज्या वाणीने त्याची कथा बोलली जाते ती वाणी पवित्र होते. राहिला बुद्धिभेद. ज्या श्लोकाचा आधार विरोधक घेतात त्याच श्लोकाचा उत्तरार्ध असा आहे की विद्वानाने स्वतः युक्त राहून लोकांबरोबर कर्मे आचरावीत आणि त्यांच्याकडून आचरवून घ्यावीत. लोकांपासून दूर राहून हे कसे साधणार? ज्याला लोकांत राहावयाचे आहे त्याला लोकांची भाषा बोलावी लागेल. नाथ गृहस्थ होते. पैठणास त्यांच्या घरी बायकामुले, शेजारीपाजारी, आल्यागेल्यांचा राबता होता. अधिकाराचा निर्बंधही नीट वाचावा. जो ऐकू इच्छीत नाही त्याला सांगू नये, असे तेथे आहे. जो ऐकण्यासाठी तळमळतो, पण ज्याला संस्कृत येत नाही, त्याचे दार बंद करावे असे तेथे कोठेही नाही.

तथापि उत्तर कितीही बिनतोड असले तरी ते ऐकणारा कोणी हवा. ह्या कथेचा गाभा येथेच आहे. परंपरेनुसार त्या संन्याशांनी एकनाथांचे मुख पाहण्याचेही नाकारले आणि दोघांमध्ये पडदा धरविला. पडद्याच्या एका बाजूस न्यायाधीश बसले होते, दुसऱ्या बाजूस आरोपी. आरोपीने आपली बाजू मांडण्याऐवजी आपला ग्रंथच वाचावयास आरंभ केला. वाचन पुढे जात राहिले. संन्यासी ऐकत राहिले. आणि केव्हा तरी त्यांनी स्वतःच तो पडदा दूर करविला. पुढे त्यांच्याच आग्रहाने उरलेले अध्याय वाराणसीत लिहिले गेले आणि समाप्तीनंतर ग्रंथाची मिरवणूक निघाली.

ग्रंथ गंगेत टाकला असता गंगेने तो वर झेलला, अशीही एक आख्यायिका ह्याच प्रसंगाशी जोडलेली आहे. तुकोबारायांच्या गाथेविषयी इंद्रायणीची कथा महाराष्ट्रात घरोघर सांगतात, त्याच जातीची ही कथा. भाविकाने ती भावाने घ्यावी, त्यात काही बिघडत नाही. परंतु प्रस्तुत विचाराला तो चमत्कार फारसा उपयोगी नाही. नदीने एखादा ग्रंथ तारला तर तो ग्रंथ तरला, एवढेच. ज्या ग्रंथासाठी नदी हात वर करीत नाही, त्याचे काय? शिवाय नदीने ग्रंथ परत दिला म्हणजे तो बुडवू पाहणारा मनुष्य बदललाच असे नाही. पडदा दूर करणारा मनुष्य मात्र निश्चित बदललेला असतो.

काशीला ही गोष्ट एकदाच शिकावी लागली असेही नाही. पंचगंगेच्याच पायऱ्यांवर पहाटेच्या अंधारात स्वामी रामानंदांचा चरणस्पर्श कबीरांना झाला आणि त्यांच्या मुखातून निघालेले रामनाम कबीरांनी गुरुमंत्र म्हणून घेतले, अशी प्रसिद्ध कथा आहे. रामानंदांचा श्रीमठ आजही तेथे आहे. ह्याच कबीरांविरुद्ध सिकंदर लोदीकडे गाऱ्हाणे नेण्यासाठी पंडित आणि काजी दोघेही एकत्र गेले, असे परंपरा सांगते. एरवी जे एका घाटावर पाणी प्यायचे नाहीत, ते एका मनुष्याचे तोंड बंद करण्यासाठी कसे जवळ येतात, याचे हे उदाहरण मार्मिक आहे. नाथांचा ग्रंथ पूर्ण झाल्यावर पाच महिनेही लोटले नव्हते, तोच संवत 1631 च्या म्हणजे इसवी सन 1574 च्या रामनवमीस गोस्वामी तुलसीदासांनी अयोध्येत रामचरितमानसास आरंभ केला. तो ग्रंथ काशीत आला तेव्हा पुन्हा तोच आक्षेप निघाला की रामकथा भाषेत कशी आणली. गीतेवर गूढार्थदीपिका लिहिणारे अद्वैताचे महान आचार्य मधुसूदन सरस्वती यांनी त्या ग्रंथाची प्रशंसा केली आणि विरोध मावळला, अशी काशीची परंपरा आहे. येथेही निर्णय वाचल्यानंतर झाला, हे लक्षात ठेवावे.

आता एक शंका. हे सर्व संतांचे ग्रंथ होते. त्यांचा विरोध करणारे चुकले हे आज सर्वांना मान्य आहे, म्हणून त्यांच्या बाजूने बोलणे सोपे आहे. ज्या लेखनाने भाविकांचे मन खरोखर दुखावते, त्याविषयी काय म्हणावयाचे? प्रश्नाची कसोटी येथेच लागते. पण त्या वेळी मठात बसलेल्या त्या संन्याशांना आपण एका संताच्या ग्रंथाचा विचार करीत आहोत हे ठाऊक नव्हते. त्यांच्या दृष्टीने तोही एक मन दुखावणारा ग्रंथच होता.

26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या भारताच्या संविधानाने ह्या विषयात दोन अभिवचने दिली आहेत. एकोणिसाव्या अनुच्छेदात वाणीचे आणि विचार प्रकट करण्याचे स्वातंत्र्य, आणि पंचविसाव्या अनुच्छेदात आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य. दोहोंनाही मर्यादा आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था आणि नीती ह्यांचा उल्लेख दोन्ही ठिकाणी येतो. एकनाथांना ज्या गोष्टीसाठी पैठणाहून काशीपर्यंत चालत जावे लागले, ती गोष्ट आज घरी बसून करता येते. भागवत मराठीत लिहिणाऱ्याला कोणत्याही मठाची अनुज्ञा लागत नाही, आणि त्याला कोणी अडविले तर न्यायालयाचे दार उघडे आहे.

त्याच बरोबर, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावनांचा अपमान करणे हा अपराध आहे. 1927 साली भारतीय दंडसंहितेत 295 अ हे कलम त्यासाठी घातले गेले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच 299 व्या कलमात आले आहे. ह्या कलमाची घटनात्मक परीक्षा ज्या खटल्यात झाली तो खटला उत्तर प्रदेशातलाच आहे. गोरक्षणाला वाहिलेल्या ‘गौरक्षक’ नावाच्या मासिकाचे संपादक व प्रकाशक रामजीलाल मोदी यांच्यावर 1952 सालच्या एका लेखावरून तो भरला गेला. 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरविले, परंतु त्याची सीमाही आखून दिली. धर्माचा प्रत्येक अवमान ह्या कलमाखाली येत नाही, तर ज्यामागे जाणीवपूर्वक दुष्ट हेतू आहे तेवढाच येतो. अनवधानाने किंवा निष्काळजीपणाने, पण दुष्ट हेतूवाचून घडलेला अवमान त्याच्या कक्षेत बसत नाही. ह्या खटल्यात दंड झाला तो गाईच्या रक्षणासाठी झटणाऱ्या मासिकाच्या संपादकाला, ही गोष्ट धर्मप्रेमी वाचकाने विसरू नये. दुसऱ्याच्या लेखणीसाठी मागितलेला बंध आपल्याही लेखणीला बसतो.

दुसरा खटला त्याहून अवघड. रामायणावर तीव्र टीका करणाऱ्या, पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांच्या एका पुस्तकाचा हिंदी अनुवाद ललई सिंह यादव यांनी प्रसिद्ध केला. 1969 साली उत्तर प्रदेश सरकारने त्याच्या प्रती जप्त करण्याचा आदेश काढला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि 1976 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. रामाला दैवत मानणाऱ्या कोट्यवधी घरांना ते पुस्तक रुचण्यासारखे नाही, हे सांगावयास नको. न्यायालयानेही ते पुस्तक चांगले आहे असे म्हटले नाही. त्याने एवढेच पाहिले की ग्रंथ जप्त करावयाचा तर त्याची कारणे आदेशात लिहावी लागतात, आणि सरकारने ती लिहिली नव्हती. कोणता मजकूर, कोणत्या कारणाने, कोणाच्या भावना कशा दुखावतो, हे सांगितल्यावाचून ग्रंथाला शिक्षा करता येत नाही. निकालाचा हा आधार वरकरणी तांत्रिक वाटतो. परंतु जरा थांबून पाहिले तर पडद्यामागच्या त्या संन्याशांनी जे शेवटी केले तेच न्यायालय सरकारकडून मागत होते. आधी वाचा, मग काय खुपले ते बोलून दाखवा, आणि त्यानंतर निर्णय द्या.

हे न केल्यास काय होते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. शिवचरित्रावरील एका इंग्रजी ग्रंथावरून क्षोभ उसळला आणि 5 जानेवारी 2004 रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला. ग्रंथाच्या लेखकाने तेथील काहींचे साहाय्य घेतले होते, एवढाच त्या संस्थेचा संबंध. महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्या वास्तूत पिढ्यान् पिढ्यांच्या श्रमाने सिद्ध झाली, ज्या वास्तूत भीष्मपर्वातील गीतेचा पाठ अनेक हस्तलिखिते ताडून निश्चित केला गेला, तेथील पोथ्या आणि पुस्तके जमिनीवर विखुरली गेली. त्या जमावातील कितीजणांनी तो ग्रंथ उघडून पाहिला असेल? वाचल्यावाचून आलेला संताप आपल्याच घरातील पोथी फाडतो. कोणती आपली आणि कोणती परकी, हे ओळखण्याइतका अवधीही तो स्वतःला देत नाही. त्या ग्रंथाच्या जप्तीचा आदेशही पुढे मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला आणि 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला.

मग लिहिणाऱ्याने वाटेल ते लिहावे काय? गीतेचा सतरावा अध्याय वाङ्मय तप सांगतो. दुसऱ्याला उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे, आणि स्वाध्यायाचा अभ्यास, हे वाणीचे तप. लिहिणाऱ्याने व बोलणाऱ्याने हे प्रमाण मानावे यात संशय नाही. कायदा ज्याला शिक्षा करीत नाही असे पुष्कळ बोलणे ह्या कसोटीला उतरत नाही. पण येथे एक सूक्ष्म चूक वारंवार घडते. तप हे स्वतः करावयाचे असते. उपवास हे तप आहे म्हणून शेजाऱ्याचे ताट कोणी काढून घेत नाही. तसेच वाणीचे तप हा ज्याच्या त्याच्या जिभेचा नियम आहे. दुसऱ्याची जीभ धरण्याचा परवाना त्यातून निघत नाही. आणि स्वतः भगवंतांनी काय केले? अठरा अध्यायांचा उपदेश संपविल्यावर त्यांनी अर्जुनाला सांगितले की ह्याचा पूर्णपणे विचार कर आणि मग तुला इच्छा होईल तसे कर. ज्याच्या वाणीपुढे शंका घेण्याचे कारण नव्हते, त्याने श्रोत्याच्या विचारासाठी जागा मोकळी ठेवली. मग ज्यांच्या वाणीत चूक संभवते अशा मर्त्यांनी ती जागा बंद करावी, हे कसे शोभेल?

स्वातंत्र्याची दुसरी बाजूही नाथांच्याच चरित्रात आहे. काशीहून परतल्यावर शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या जमवून पाठ शुद्ध केला. तीन शतकांत नकला करणाऱ्यांनी त्यात आपले शब्द मिसळले होते. ते दूर करून नाथांनी बजावले की ज्ञानदेवांच्या ग्रंथात कोणीही आपली ओवी घालू नये. तसे करणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणे. भागवत मराठीत आणण्यासाठी विद्वत्सभेपुढे उभा राहिलेला हाच पुरुष येथे मात्र कठोर होतो. यात विसंगती नाही. आपल्या नावाने आपले म्हणणे मांडण्यास सर्वांना मोकळीक असावी. दुसऱ्याच्या मुखी आपले शब्द घालण्यास ती कोणालाही नाही. एखाद्याचे वाक्य तोडून, वाकवून, त्याच्या नावावर पसरविणाऱ्यांच्या आजच्या काळात हा भेद नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्या अर्ध्या वाक्याने गल्लीभर राग पेटतो, ते पुष्कळदा बोलणाऱ्याचे नसतेच.

गृहस्थाश्रमी मनुष्य न्यायाधीश नसतो आणि मठाधिपतीही नसतो. परंतु त्याच्याही दाराशी कधी तरी एक कागद येतो. अमुक पुस्तकावर बंदी घाला, अमुक कीर्तनकाराला गावात येऊ देऊ नका, अमुक नाटक होऊ देऊ नका. कागद आणणारा ओळखीचा असतो, बहुधा देवळातल्या उत्सवाची वर्गणी जमविणाराच. सही न केली तर धर्माभिमान नाही असे ठरेल, ही भीती असते. घरातली माणसे आतून पाहत असतात. अशा वेळी दारात उभे राहून, ‘पुस्तक आहे का बरोबर? आधी वाचून पाहतो, मग सांगतो’, एवढे म्हणावयासही धैर्य लागते. बहुधा पुस्तक आणलेले नसते. कागद मात्र पुढच्या घरी जातो.

पंचगंगा घाटावर उभे राहिले असता वर एक जुनी मशीद दिसते. तेथे पूर्वी बिंदुमाधवाचे मोठे देवालय होते. औरंगजेबाच्या राज्यात ते पाडले गेले. मशिदीचे उंच मिनार आता उरलेले नाहीत, पण ते होते तेव्हाही काशीचे लोक त्यांना माधवरावाचा धरहरा म्हणत. पाडलेल्या देवाचे नाव त्यांच्या तोंडून गेले नव्हते. आजचे बिंदुमाधवाचे मंदिर जवळच आहे. ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधविले. कार्तिकात त्याच्या दर्शनास जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंना पायऱ्या चढताना धाप लागते. वर पोहोचल्यावर ते वळून पाहतात, तेव्हा खाली पाण्यावर आणि वर बांबूंच्या शेंड्यांवर दिवे लागलेले असतात. कोणता दिवा कोणाच्या पितरासाठी, हे तेथून ओळखता येत नाही.